औषधी वनस्पतींचे अर्क विषाणू मारतात का, आणि आपल्याला बाधतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनौषधी शिकवतो. करोनाच्या साथीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर पानाफुलांचे फोटो येतात आणि खाली एक ओळ असते, 'सर, हे चालेल का?' पावसाळ्यात काविळीचे प्रश्न, त्यानंतर डेंगीचे, जनावरांत लम्पी पसरली की शेतकऱ्यांचे, आणि परीक्षेच्या आधी प्रोजेक्टवाल्या मुलांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. डोस मात्र कुणी विचारू नये. तो तुमची नाडी आणि रिपोर्ट बघणाऱ्यानं ठरवायचा असतो.

1. काढा, रस, चूर्ण आणि 'एक्स्ट्रॅक्ट' यांत फरक काय? झाड तर एकच ना?

झाड एकच, पण भांड्यात उतरतं ते वेगळं. पाण्यात उकळलं की टॅनिन (तुरट द्रव्यं), शर्करा आणि बरीचशी ग्लायकोसाइड उतरतात. अल्कोहोलमध्ये राळ आणि अल्कलॉइड जास्त येतात, हेक्झेनमध्ये तेलकट भाग. हळदीतलं कर्क्युमिन साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून मेथॅनॉलमधल्या हळदीच्या अर्काचा निकाल घरच्या हळदीच्या पाण्याला लावता येत नाही. दुसरी गोष्ट तीव्रतेची. दहा किलो पाल्यापासून किलोभर कोरडा अर्क निघाला, तर त्या अर्काचा एक चमचा म्हणजे पाल्याचे दहा चमचे. 'आम्ही पिढ्यानपिढ्या खातोय' हे सांगताना चूर्ण खात होतो की कॅप्सूलमधला अर्क, हे आधी बघा.

2. 'अमुक वनस्पती विषाणू मारते' अशी बातमी येते. तेव्हा प्रयोगशाळेत नेमकं काय केलेलं असतं?

बहुतेक वेळा माणूस तर सोडाच, उंदीरही त्यात नसतो. प्लास्टिकच्या तबकडीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत पेशी वाढवतात. त्यासाठी बऱ्याचदा 'व्हेरो' पेशी वापरतात. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून 1962 साली तयार केलेला हा वाण जगभर चालतो. त्या पेशींवर विषाणू सोडतात, अर्क वेगवेगळ्या तीव्रतेत घालतात आणि दोन आकडे काढतात. विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला किती अर्क लागला, हा पहिला. त्याच पेशींपैकी निम्म्या मारायला किती लागला, हा दुसरा.

बातमीत पहिलाच आकडा छापतात. खरी गोष्ट दोन्हींच्या भागाकारात असते. समजा विषाणूला 50 मायक्रोग्रॅम लागले आणि पेशींना 60, तर गुणोत्तर 1.2. म्हणजे विषाणूला थोपवणारी मात्रा पेशींच्या जिवावर उठायच्या बेतात आहे. विषाणूला 5 आणि पेशींना 500 लागले तर गुणोत्तर 100, आणि तिथे पुढे बघण्यासारखं काहीतरी आहे. विषाणूला स्वतःचं घर नसतं, तो आपल्याच पेशीत राहून वाढतो. म्हणून पेशीला आजारी पाडणारी कुठलीही वस्तू तबकडीत 'विषाणुरोधक' दिसू शकते. उकळता चहा ओतला तरी दिसेल. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या भागाकारापाशी येऊन टेकतात.

3. पण तबकडीत थांबला, तर अंगात का नाही थांबणार?

एक साधा हिशोब करू. एखाद्या अर्काला मिलिलीटरमागे 100 मायक्रोग्रॅम लागतात. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 40 लीटर पाणी असतं. तेवढी तीव्रता सगळीकडे गाठायची तर 4 ग्रॅम कोरडा अर्क लागेल, तोही पोटातून पूर्ण शोषला गेला, यकृतानं त्याची मोडतोड केली नाही आणि लघवीतून काही गेलं नाही असं धरून. प्रत्यक्षात वनस्पतीतले कितीतरी घटक आतड्यातून जेमतेम रक्तात उतरतात. टॅनिनची आणखी वेगळी गंमत आहे. ती समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे तबकडीत विषाणू बांधले गेल्यासारखे दिसतात. पोटात गेल्यावर तीच टॅनिन दुपारच्या आमटीभाकरीला चिकटून बसतात.

4. नैसर्गिक आहे, तर अपाय कसा होईल?

सोलापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला लागू नये. पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी जनावरानं खाल्ली की ते तडफडून मरतं. कोवळ्या ताटात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि पोटात त्यापासून सायनाइड सुटतं. तीच ज्वारी पुढे पक्व झाली की कडबा म्हणून आपण वर्षभर घालतो. झाड स्वतःच्या बचावासाठी रसायनं बनवतं. ती आपल्याला औषध म्हणून लागू पडली तर तो योगायोग.

5. करोनात कण्हेरीपासून औषध निघालं होतं म्हणे. खरं का?

निघालं नव्हतं, गाजलं होतं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हे द्रव्य व्हेरो पेशींमध्ये करोनाच्या विषाणूला रोखतं, असा प्रयोग 2020 मध्ये खरंच झाला आणि अमेरिकेत ते पूरक आहार म्हणून विकायचा खटाटोपही झाला. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली नाही. ओलिअँड्रिन हृदयाच्या स्नायूतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं. हृदयविकारात वापरतात त्या डिगॉक्सिनच्या घराण्यातलंच हे द्रव्य, फक्त इथे मात्रा कुणाच्या हातात नाही. आधी उलट्या होतात, मग नाडी मंदावते, ठोके चुकतात आणि हृदय थांबू शकतं. प्रश्न 2 मधला भागाकार माणसावर कसा उलटतो याचं हे चपखल उदाहरण. रस्त्याच्या दुभाजकांवर ही झाडं लावतात, कारण त्यांना जनावर तोंड लावत नाही. जनावराला जे कळतं ते आपल्याला फॉरवर्ड आल्यावर कळेनासं होतं.

6. म्हणजे वनस्पतींपासून विषाणूवर काहीच निघालं नाही?

निघालं, पण काढ्याच्या वाटेनं नाही. स्वाइन फ्लूवरच्या ओसेल्टामिविरचा कच्चा माल, शिकिमिक आम्ल, आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलातून काढला जायचा. 2009 मध्ये पुण्यात साथ आली तेव्हा चक्रीफुलाचा चहा करून पिणारे कमी नव्हते. शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूवर काम करत नाही. त्यावर कारखान्यात अनेक रासायनिक पायऱ्या झाल्यावर औषध तयार होतं. शिवाय चक्रीफुलासारखं दिसणारं जपानी फळ विषारी असतं आणि त्यानं झटके येतात.

ग्रीन टीच्या अर्काचं मलम 2006 मध्ये अमेरिकेत गुप्तांगावरच्या विषाणूजन्य चामखिळींसाठी मंजूर झालं. ते वरून लावायचं औषध आहे. पोडोफायलोटॉक्सिन हे वनस्पतीतलं द्रव्यही अशाच चामखिळींवर चालतं, आणि ते चालतं तेच मुळी वाढणाऱ्या पेशी मारतं म्हणून. चुकून पोटात गेलं तर ते घातक आहे. ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिननं 2003 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत सार्सचा विषाणू रोखून दाखवला होता, पण बरीच मोठी मात्रा लागली. त्या मोठ्या मात्रेचं पुढे काय होतं ते प्रश्न 15 मध्ये आहे.

7. गुळवेल रोज घेतली तर चालते का? यकृत खराब होतं असं वाचलं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मिळाले. सगळे गुळवेल घेत होते. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, की ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असावी. 2022 मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून 43 रुग्णांचा अभ्यास मांडला आणि त्यात खऱ्या गुळवेलीकडेच बोट दाखवलं गेलं. चित्र असं दिसतं की ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या यकृतावर उलटण्याच्या बेतात असते, त्यांच्यात गुळवेल ती ठिणगी टाकते. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते म्हणून तर आपण घेतो. चालना कुठल्या दिशेनं मिळेल ते मात्र आपल्या हातात नाही.

म्हणून थायरॉईडचा किंवा संधिवाताचा स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी, अवयव बदललेल्यांनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी ती स्वतःच्या मनानं घेऊ नये. इतरांनीही महिनोन्‌महिने घेऊ नये. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावर वासना नाही, असं झालं तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करावी आणि डॉक्टरला गुळवेलीचं नाव सांगावं. बहुतेक जण सांगत नाहीत, कारण ते औषध घेतोय असं त्यांना वाटतच नसतं.

ओळखीबद्दल: गुळवेलीच्या जून वेलीवरची साल कागदासारखी पातळ सुटते, नखानं सोलली की खाली हिरवं दिसतं. क्रिस्पाचं खोड गाठीगाठींचं, मुरमं आल्यासारखं असतं. आता पावडरमध्ये हे कसं दिसणार? म्हणून पावडर विकत घेऊ नका, हे माझं ठाम मत. कडुनिंबावर चढलेलीच गुळवेल चांगली असं आपल्याकडे मानतात. तेवढ्यावरून ती बाधणार नाही असं मात्र होत नाही.

8. कावीळ झाली की अमुक गावात नाकात औषध घालतात. सगळं पिवळं पाणी बाहेर पडतं. मग दवाखान्यात कशाला जायचं?

नाकात घालतात ती बहुधा देवडांगरी असते. काटेरी, वाळकं फळ रात्रभर भिजत घालून त्याचे थेंब नाकपुडीत सोडतात. तासाभरात शिंका, डोकेदुखी, आणि मग नाकातून पिवळसर पाण्याची धार लागते. ती कधी कधी दिवसभर थांबत नाही. बघणाऱ्याला वाटतं कावीळ उतरली. प्रत्यक्षात त्या फळातली कडू कुकुरबिटासिन द्रव्यं नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला पोळवतात आणि पाझरतो तो पोळल्याचा स्राव. काविळीत अंगात साठणारं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य बाहेर काढायचं काम नाकाला जमत नाही. काही ठिकाणी कावीळ उतरवताना चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं, तो तर झाडाच्या सालीच्या रसाचा आणि चुन्याचा खेळ आहे. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होणार.

तरी माणसं बरी होतात, हे खरं. आपल्याकडची पावसाळ्यातली कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते आणि ती काही आठवड्यांत आपली आपण उतरते. जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. ज्यांची उतरत नाही ते औषधवाल्याकडे परत येत नाहीत, थेट अतिदक्षता विभागात जातात. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर पाचात एक किंवा त्याहून जास्त मृत्यू होऊ शकतात. तिच्या बाबतीत एक दिवसही घालवू नये.

9. भुईआवळ्यानं हिपॅटायटिस बी जातो ना?

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही चकवा देऊन गेली. 1988 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मद्रासचा अभ्यास आला. भुईआवळा घेतलेल्या 37 वाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, बनावट औषध घेतलेल्या 23 पैकी एकाच्याच. लेखकांत हिपॅटायटिस बी चा शोध लावणारे नोबेल विजेते बारूक ब्लमबर्ग होते. मग जगभर लोकांनी करून पाहिलं आणि तसा निकाल पुन्हा मिळाला नाही. भुईआवळा तसा सौम्य आहे, विषारी म्हणण्याजोगा नाही. धोका दुसराच आहे. त्याच्या भरवशावर बी ची रक्ततपासणी आणि गोळ्या सोडल्या, तर यकृत आत कडक होत जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. बी, सी किंवा एचआयव्ही 'मुळापासून' घालवतो असा बोर्ड कुणी लावला असेल, तर अशा जाहिरातींना आळा घालणारे कायदे आहेत. त्यातला एक 1954 सालचा आहे.

10. आमची डाळिंबाची बाग आहे. साली वाया जातात. वाळवून पावडर केली तर सर्दी-तापावर चालेल का?

सोलापूरजवळच्या केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हा प्रश्न सोलापूरकरानं विचारायलाच हवा. सालीत प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन भरपूर असतं आणि तबकडीत ते फ्लूच्या विषाणूची वाढ रोखतं. पण प्रश्न 3 मधलं टॅनिनचं प्रकरण इथेही लागू. ते अख्खं रक्तात जात नाही, आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात. जुलाबावर साल वापरायची जुनी रीत आहे आणि तिला अर्थ आहे, कारण तिथे काम आतड्यातच असतं. सर्दी-तापाला तोच न्याय लावता येत नाही.

बागेची साल म्हटल्यावर माझी खरी काळजी वेगळीच आहे. तेल्या आणि फुलकिड्यांसाठी बहार धरल्यापासून तोडणीपर्यंत किती फवारण्या झाल्या, ते तुमच्या वहीत आहे. बोर्डो, कॉपर, कीटकनाशकं, सगळं आधी सालीवर बसतं. दाणे खाताना साल आपण फेकतो म्हणून निभावतं. तीच साल वाळवून दळली की वजन कमी होतं आणि अवशेष तेवढेच राहतात. निर्यातीच्या मालाची अवशेष तपासणी होते, घरातल्या पावडरीची होत नाही. पावडर करायचीच असेल तर परसातल्या, न फवारलेल्या झाडाची करा.

आणि मुळाची साल अजिबात नको. तिच्यात पेलेटिरीन हे अल्कलॉइड असतं. पूर्वी पट्टकृमीवर ती देत, पण मात्रा चुकली की चक्कर, उलट्या आणि नजरेवर परिणाम.

11. डेंगीत पपईच्या पानांचा रस द्यावा का?

काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या आहेत. विषाणूवर त्याचा परिणाम होतो किंवा मृत्यू टळतात, असं सिद्ध झालेलं नाही. डेंगीत माणूस दगावतो तो बहुतांशी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यानं, आणि तेही ताप उतरल्यावर. घरात मात्र सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर. ताज्या पानांचा रस भयंकर कडू. पोरानं तो ओकला की आधीच कमी पडलेलं पाणी आणखी कमी. रसापेक्षा ओआरएस पाजा, लघवी होतेय का बघा. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडले तर ताबडतोब हलवा. तापासाठी पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको. गरोदर बायकांनी पपईच्या पानाच्या वाटेला जाऊ नये.

12. अंगणात, रस्त्याकडेला कुठल्या झाडांपासून मुलांना जपायचं?

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. तिच्या बियांनी प्रश्न 5 मधलंच सगळं होतं. धोत्रा महादेवाला वाहतो, पण त्याच्या बिया खाल्ल्या की तोंडाला कोरड, बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं आणि पोर भलतंसलतं बडबडायला लागतं. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून शाळेजवळ झाड असलं की एका वेळी बरीच मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात. गुंजेचा पाला विड्यात घालून आपण गोड म्हणून खातो. तिच्या लालकाळ्या बीत अ‍ॅब्रिन असतं. अख्खी बी गिळली तर टणक कवचामुळे बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर प्राणघातक. एरंडाचंही तसंच. बीत रायसिन असतं, पण नीट काढलेल्या तेलात ते येत नाही, पेंडीत राहतं.

रुईचं वेगळं सांगायला हवं, कारण शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना अपघात होतात. देठ मोडला की पांढरा चीक बोटाला लागतो आणि माणूस नकळत त्याच हातानं डोळा चोळतो. सुरुवातीला फारसं दुखतही नाही. काही तासांत समोर धुकं येतं, कारण चिकानं बुबुळाच्या आतल्या थराला इजा झालेली असते. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. चामखिळीवर रुईचा चीक लावायची पद्धत मला माहीत आहे. चामखीळ विषाणूमुळे येते, चीक त्वचा जाळतो, कधी चामखीळही जळते. चेहऱ्यावर, पापणीजवळ लावू नका.

13. कुणी काही खाल्लंच तर?

108 ला फोन करा किंवा सरळ सिव्हिल गाठा. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढू नका. शुद्ध हरपत असेल तर ती उलटी फुप्फुसात जाते. खाल्लेलं झाड पानाफुलांसकट, फळ असेल तर फळासकट पिशवीत घालून सोबत न्या. 'हिरवं काहीतरी होतं' यावरून डॉक्टरला काही करता येत नाही. बिट्टी किंवा कण्हेर असेल आणि पोर खेळत असलं तरी घरी थांबू नका. हृदयाचे ठोके नंतर बिघडतात.

14. बाळगुटीत वेखंड आणि जायफळ असतंच. तेही विषारी म्हणायचं का?

वेखंडात बीटा-असॅरोन असतं. उंदरांत त्यानं गाठी झाल्या म्हणून 1968 मध्ये अमेरिकेनं अन्नात वेखंड वापरायला बंदी घातली. आपल्याकडच्या वेखंडात हे द्रव्य युरोपातल्या जातीपेक्षा बरंच जास्त असतं. सहाणेवर एक वळसा आणि चमचाभर चूर्ण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण वळसा किती दाबून घेतला याला माप नाही, आणि 'बाळ रडतंय' म्हणून वळसे वाढतात. जायफळानं बाळ झोपतं ते गुंगीनं. बाळ शांत झालं आणि बाळ सुस्त पडलं, यातला फरक तान्ह्याच्या बाबतीत आईलाही ओळखू येत नाही. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज काही नको. टाळूला, अंगाला वेखंड लावतात तेव्हा भुकटी नाकात उडणार नाही एवढं पाहा. कडुनिंबाचं तेल तर बाळाच्या पोटात थेंबभरही नको, त्यानं झटके आल्याच्या आणि यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

15. बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. काढा चालेल?

कुठला काढा, यावर आहे. 2020 मध्ये आयुष मंत्रालयानं सांगितलेला तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका असा काढा कपभर घेतला तर बहुतेकांना काही होत नाही. लोकांनी त्यात मूठभर मिरी आणि ज्येष्ठमधाची कांडी घालून दिवसातून चारदा घेतला, तिथे बिघडलं.

ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून जातं. बीपी चढतं, पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून घसरतं आणि हृदयाचे ठोके चुकतात. मिरीतलं पायपरीन इतर औषधांचं शोषण वाढवतं. फिटच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी त्यामुळे चढते. हळदीच्या कॅप्सूलमध्ये कंपन्या मुद्दाम पायपरीन घालतात, कर्क्युमिन अंगी लागावं म्हणून. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. भाजीतल्या हळदीला कुणी घाबरू नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर मात्र कुठलाही नवा अर्क सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारा आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा वेग दाखवणारा आकडा) तपासा.

16. बचनाग विष आहे, मग आयुर्वेदिक गोळ्यांत कसा चालतो?

शोधन करून. गोमूत्रात किंवा दुधात बराच वेळ उकळताना बचनागातल्या अ‍ॅकोनिटिन या विषाचं विघटन होऊन त्याचा जहालपणा कितीतरी कमी होतो, हे रसायनशास्त्रानंही पटतं. पण शोधन पूर्ण झालं की अर्धवट, ते चवीनं कळत नाही, आणि शुद्ध अ‍ॅकोनिटिनचे साधारण 2 मिलिग्रॅम माणसाला पुरे होतात. औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियमांत ई-1 नावाची यादी आहे. बचनाग, कुचला, धोत्रा, गुंज, बिब्बा, कण्हेर, रुई, कळलावी वगैरे तिच्यात आहेत. यातलं काही असलेल्या गोळीच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. ती वाचा. काष्ठौषधींच्या दुकानातून कच्चा बचनाग आणून घरी शोधन करू नका.

17. लम्पीला विड्याच्या पानांचा उपाय करतात. चालेल?

राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं सुचवलेला विड्याची 10 पानं, 10 ग्रॅम मिरी, 10 ग्रॅम मीठ आणि गूळ असा चाटण जनावराला अपाय करणारा नाही. तो आधार आहे, लसीच्या जागी नाही. फोडांवर कडुनिंब-हळदीचा लेप चांगला, माश्या बसत नाहीत. जखमेवर घाणेरीचा पाला मात्र बांधू नका, जनावर तो चाटतं आणि खातं. घाणेरीतल्या लँटाडीननं यकृत बिघडतं आणि मग उन्हात कान, नाकपुड्या, सड भाजल्यासारखे होतात. लम्पीच्या फोडांत हे वेगळं ओळखताही येत नाही.

18. कुत्रा चावल्यावर झाडपाल्याचं औषध पाजतात. लसीसोबत दिलं तर?

सोबतही नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालावं. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फाटतं. मिरची, चुना, चीक काही भरू नका. सरकारी दवाखान्यात त्वचेत दिली जाणारी लस, पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. खोल जखम असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मागा. पाजायच्या औषधांत धोत्रा असू शकतो, त्यानं येणारा भ्रम रेबीजचा की धोत्र्याचा, हे ओळखण्यात डॉक्टरचा वेळ जातो.

नागीण उठली तरी हेच तत्त्व. पहिल्या तीन दिवसांत विषाणूवरची गोळी सुरू झाली तर फायदा, लेप लावण्यात ते दिवस जातात. वेटोळं पूर्ण झालं की माणूस मरतो, हे खोटं. डोळ्याजवळ उठली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

19. आम्ही बीएस्सीला आहोत. अर्काच्या विषाणुरोधक गुणांवर प्रोजेक्ट करायचाय. कॉलेजात विषाणू कुठून आणायचा?

माणसाचा किंवा कोंबड्यांचा विषाणू आणायचा नाही. त्याला लागणारी जैवसुरक्षा पदवीच्या प्रयोगशाळेत नसते. जिवाणूंवर जगणारा एमएस-2 सारखा फेज विषाणू वापरा. तो माणसाला बाधत नाही आणि तबकडीवरचे स्वच्छ गोल डाग मोजता येतात. सोबत नुसत्या अर्कानं जिवाणूच मरत नाहीत ना, हे तपासा. तोच प्रश्न 2 चा भागाकार. विषारीपणा मोजायला आर्टेमिया ही छोटी कोळंबी वापरा. तिची अंडी मिठाच्या पाण्यात दिवसा-दोन दिवसांत फुटतात. निम्मी पिल्लं मरायला मिलिलीटरला 1000 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी अर्क पुरला तर त्यात दखल घेण्याजोगं काही आहे असं मानतात. नुसत्या द्रावकाची एक नळी हवीच. दरवर्षी कुणीतरी मेथॅनॉलनं पिल्लं मारून श्रेय अडुळशाला देतं. आणि झाडाचा वाळवलेला नमुना फुलासकट जपून ठेवा, ओळखीची शंका आली तर पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाकडे विचारता येतं.

20. बाटलीसोबत रिपोर्ट आहे: 'उंदरांना किलोमागे 2000 मिलिग्रॅम देऊनही एकही मेला नाही.' म्हणजे सुरक्षित ना?

हा रिपोर्ट खरा असू शकतो आणि तरीही तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. ही तीव्र विषबाधेची चाचणी आहे. थोड्या प्राण्यांना एकदाच डोस देऊन चौदा दिवस बघतात. उंदीर मेले की नाही एवढंच त्यातून कळतं. तुम्ही मात्र तो अर्क सहा महिने, बीपीच्या गोळीसोबत घेणार असता. रोज दिल्यावर यकृत-मूत्रपिंडाचं काय होतं, त्यासाठी 28 आणि 90 दिवसांच्या वेगळ्या चाचण्या असतात. गर्भावर काय होतं, त्याची आणखी वेगळी. प्रश्न 7 मधली यकृताची सूज तर या कुठल्याच चाचणीत सापडणार नाही, कारण ती क्वचित एखाद्यालाच, त्याच्या स्वतःच्या ठेवणीमुळे होते, आणि पिंजऱ्यातले उंदीर सगळे एका ठेवणीचे, तरुण, निरोगी असतात. विक्रेत्याला 90 दिवसांचा रिपोर्ट मागा. त्यावर बॅच क्रमांक आणि झाडाच्या ओळखीचा दाखला आहे का बघा. शिसं आणि पारा तपासलाय का, तेही विचारा. काही मिळालं तर फोटो पाठवा, वाचून सांगतो.